ओवी, गोधडी आणि बायकांचे मन



या पत्रिकेत आमचे नाव दिसले की सभासद समजून घेतात, आता हुमणी तरी येणार नाही तर खोडव्याचे खत तरी. गेल्या वेळी पाचट कुट्टीवर लिहिले होते. या वेळचा विषय वेगळा आहे. संपादक मंडळातल्या एका संचालकांनी आम्हांला विचारलेच, "का हो साहेब, ऊस सोडून हे काय काढलं?" आम्ही म्हटले, हाही उसाचाच विषय आहे. ऊस ज्या घरातून पिकतो, त्या घराचा आहे.

झाले असे की, आमच्या गटातील एक सभासद गेले. कसे गेले ते गावाला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. पुढे त्यांच्या शेअरच्या वारस नोंदीचे कागद घेऊन आम्ही घरी गेलो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, शेअरचा दाखला, सगळे पाहिले. वहिनींनी जिथे दाखवले तिथे सही केली आणि आत निघून गेल्या. एक शब्द नाही. लागणीची नोंद घ्यायला पुन्हा गेलो, तरी तसेच. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बोलतच नाही हो साहेब. सैपाक करती, जनावराचं बघती, लेकरं शाळेत घालती. पण तोंडातून शब्द म्हणून नाही." आम्ही आपले म्हणालो, "धीर धरा म्हणावं." याच्यापलीकडे आम्हांला तरी काय येते? आमची पदविका शेतीची.

दुसऱ्या उन्हाळ्यात खोडव्याची पाहणी करायला गेलो तेव्हा त्याच ओसरीवर चार बायका गोधडी शिवत होत्या. वहिनी मधे बसलेल्या. गोधडीत मालकांचे जुने सदरे होते. एका तुकड्यावर हात ठेवून त्या शेजारणीला सांगत होत्या की, हा सदरा त्यांनी कारखान्याच्या वार्षिक सभेला घातला होता, सभेत बसून चहा सांडून आले होते, डाग अजून आहे बघ. सांगता सांगता थोडे हसल्या, थोडे रडल्या, आणि टाका पुढे गेला. आम्हांला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि विचारले, "साहेब, औंदा खोडवा ठेवायचा का मोडायचा?"

त्या घराकडून आमच्या खात्याला आलेला तो पहिला प्रश्न. आम्ही उत्तर दिले (मोडा म्हणालो, तुटाळ फार होती), पण परतताना डोक्यात दुसरेच चालले होते. वर्षभर आम्ही, तलाठी, सोसायटीचे सचिव, नातेवाईक, सगळे त्या बाईला बोलते करू पाहत होतो. ते जमले चार शेजारणींना आणि एका सुईला. हे कसे झाले असेल? तेव्हापासून जमेल तसे वाचले, माहीतगारांना विचारले. जे कळले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात जात्यापासून करू. चाळिशीच्या आतल्या सभासदांनी जाते रोज फिरताना पाहिलेले नसणार. आता ते लग्नात घाणा भरायला तेवढे बाहेर निघते, त्याला हळद-कुंकू लागते आणि परत कोपऱ्यात जाते. गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या, बायकांच्या खांद्यांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. जाते परत आणा असे म्हणणाऱ्या माणसाने आधी स्वतः चार पायल्या ज्वारी दळून दाखवावी. पण जात्याबरोबर एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

पहाटे तीन-चारला बाई उठायची. घरातले गडी निजलेले. दोघी जणी समोरासमोर बसत, सासू-सून, जावा-जावा नाही तर शेजारणी. एका खुंट्याला दोघींचे हात. एकीने मुठीने दाणे घालायचे आणि दोघींनी ओढायचे. त्या घरघरीच्या तालावर एक ओवी म्हणायची, दुसरी ती उचलून धरायची आणि आपली भर घालायची. माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, सवत, पाऊस, लेकीचे लग्न, मेलेले मूल, कशावरही. चाल तीच, शब्द आपले. यात गाणारी आणि ऐकणारी असा भेद नाही. गळा गोड पाहिजे अशीही अट नाही.

आता याची रचना बघा कशी आहे. अंधार असतो, त्यामुळे तोंडाकडे कोणी पाहत नाही. हात कामात असतात, त्यामुळे "बसून रडते" असे कोणी म्हणत नाही. आवाजाला जात्याची घरघर झाकून टाकते. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे, बाई स्वतःचे नाव घेत नाही. ती सीतेचे नाव घेते. सीतेला वनवासाला धाडले, सीतेला कोणी विचारले नाही, असे ती गाते. आतल्या खोलीत नवरा जागा असला तरी त्याला काय म्हणता येईल? रामायण म्हणते आहे बिचारी! समोरच्या बाईला मात्र बरोब्बर कळते की हा वनवास कोणाचा. ती पुढची ओवी जोडते. म्हणजे सांगणारीचे सांगून झाले आणि कोणीतरी ऐकले हेही तिला कळले.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी भागात डोंगरी वस्त्यांतील गरीब कुटुंबांबरोबर काम करताना हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी १९८० च्या दशकात या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गी हे मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचेच झाले. बायकांचे स्वतःचे म्हणणे, पुरुषाने न घडवलेले, या ओव्यांत आहे हे त्यांनी ओळखले. गावच्या कार्यकर्त्या बायांनीच बायकांकडे बसून ओव्या लिहून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञांनी आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी हाती घेतली. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया आणि १ लाखाच्या वर ओव्या, एवढे मोठे हे काम झाले. हेमाताई आणि गी दोघेही आज हयात नाहीत. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून या ओव्या आवाजासकट ठेवल्या जात आहेत. घरातल्या कोणा मुलाला सांगितले तर तो मोबाईलवर लावून देईल.

ओव्या गोळा करण्याचे काम त्याआधीही झाले होते. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या नावाने मोठा संग्रह केला. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे कितीतरी पुस्तके काढली. पण हेमाताईंच्या कामात एक गोष्ट वेगळी आहे आणि ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ओवी कोणाची, हे तिथे लिहिले आहे. बाईचे नाव, गाव, तालुका. जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढले नाही, रेशनकार्डावर मालकाच्या खाली आले, तिचे नाव इथे स्वतःच्या शब्दांखाली आहे.

आपल्या मराठवाड्याचा या कामात मोठा वाटा आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आंबेडकर आहेत. कोणी त्यांना भाऊ म्हणते, कोणी बाप, आणि आपल्या लेकरांनी शिकावे हे त्या सांगतात. परभणी जिल्ह्यातल्या एका बाईंची हकीकतही त्यातच आली आहे. आजारपणामुळे त्यांचे घर सुटले आणि देवळाच्या आश्रयाला राहायची वेळ आली. त्या गात असत त्या ओव्या सीतेच्या वनवासाच्या. परभणी म्हटले की गंगाखेडची जनाबाई आठवतेच. सातशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई, आणि तिच्या शब्दांत विठोबा स्वतः जात्यावर बसतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तर शेतकरीणच. लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली म्हणून वाचली, आणि पुस्तक निघाले ते त्या गेल्यावर, १९५२ साली. लिहिणारे कोणी घरात नसते तर? आपल्या गावात अशा किती जणी लिहिणारे न मिळताच गेल्या असतील, हा विचार आम्हांला स्वस्थ बसू देत नाही.

आता सभासद विचारतील, गाणे-बिणे ठीक आहे, पण त्याने दुखणे बरे होते याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. प्लॉट टाकल्याशिवाय आम्हीही कोणत्या औषधाची शिफारस करीत नाही.

तर असे प्लॉट टाकून पाहिलेले आहेत. अमेरिकेत जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस थोडा थोडा वेळ बसवून लिहायला लावले. काहींना मनावरच्या जुन्या घावाबद्दल, काहींना कुठल्यातरी किरकोळ गोष्टीबद्दल. पुढच्या महिन्यांत घावाबद्दल मोकळेपणाने लिहिणाऱ्या मुलांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. बाळंतपणानंतर मन खचलेल्या १३४ बाया घेतल्या. त्यांचे तीन गट केले. एका गटाने आपल्या बाळांसह दहा आठवडे एकत्र गाणी म्हटली, दुसऱ्याने खेळ केले, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या बाया लवकर सावरल्या. दहा आठवड्यांनी बाकीच्याही सुधारल्या, हेही सांगितले पाहिजे. गाण्याने फरक पडला तो वेगात. पण तान्हे मूल मांडीवर असलेल्या बाईला चार आठवडे आधी बरे वाटणे ही काही लहान गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कला ही आरोग्याला उपयोगी पडते असे नोंदवले.

आमच्या भाषेत सांगायचे तर चिबड जमिनीसारखे आहे हे. पाणी साचलेले. त्यात वरून खत टाका, सल्ला टाका, मुळाला हवा नाही तर ते घेणार कसे? आधी चर काढावा लागतो. ओवी हा चर होता.

गोधडीचेही तसेच. पैठण आपल्या शेजारीच, पैठणीचे नाव जगात गेले. पण पैठणी कपाटात राहते आणि गोधडी अंगावर असते. गोधडीला विकत काही आणावे लागत नाही. जुने लुगडे, फाटके धोतर, लेकीचा आखूड झालेला परकर. चौघी जणी चार कोपऱ्यांना बसल्या की मान खाली, हात चालू. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं?" विचारले तर आपली बाई कधी सांगणार नाही. मान खाली घालून टाका घालताना मात्र आपोआप सांगते. शिवाय कापड बोलते. ज्याचे कापड तो माणूस मधे येऊन बसतो. आमच्या त्या वहिनींचे तेच झाले असावे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथे १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसे पकडून नेली. पुष्कळांचा पुढे पत्ताच लागला नाही. त्यांच्या आया-बायका राजधानीतल्या चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसू लागल्या आणि गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून चित्रे करू लागल्या. रिकामी खुर्ची, फोटो घेऊन उभ्या असलेल्या बाया, बंद पडलेला कारखाना. कापड बहुधा घरातलेच, कधी कधी नाहीशा झालेल्या माणसाच्या कपड्याचे. तोंडाने बोलायला बंदी होती तेव्हा ही चित्रे देशाबाहेर गेली, विकली गेली, चूल चालली, आणि जगाला कळले. आपल्या देशातही बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बायका ‘सुजनी’ म्हणजे त्यांच्याकडची गोधडीच शिवतात. त्यावर हुंडा, दारू, मुलीचा गर्भ पाडणे, असे घरातले विषय टाक्याने काढतात. विक्रीचे पैसे येतात, आणि हे विषय बोलायचे नसतात ही समजूतही हळूहळू उसवते.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवे, कारण ते शेतकऱ्याच्या घरचे आहे. विदर्भात ‘तेरवं’ नावाचे नाटक झाले. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. श्याम पेठकर यांनी लिहिले, हरीश इथापे यांनी बसवले. त्यात काम करणाऱ्या बाया कोण? ज्यांच्या घरच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली त्याच. ज्या बाईला गावात शुभकार्यात पुढे येऊ देत नाहीत, ती दिव्याच्या उजेडात रंगमंचावर उभी राहून हजार माणसांपुढे बोलते. त्यातल्याच एक, वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा उद्घाटनाचा वाद उपस्थित झाला आणि शेवटी उद्घाटन केले ते या शेतकरी बाईने. अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या. साहित्यिक मंडळी खाली आणि शेतकरी विधवा वर, असे चित्र मराठी मुलखाने पहिल्यांदा पाहिले असेल. नाटकामुळे कर्ज फिटले नाही की बोअरला पाणी लागले नाही. पण चारचौघांत उभे राहून बोलायची सवय या बायांना नाटकाच्या तालमीत झाली असणार, असे आम्हांला वाटते.

आपल्या विभागाचा आकडा कडू आहे, पण सांगतो. २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद विभागीय आयुक्तालयाकडे झाली. त्यांतल्या १८२ आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या. मागे राहिलेल्या बाईचे काय, याचा आकडा कुठेच नसतो. आपल्या कारखान्याच्या रजिस्टरला तरी काय असते? जुने नाव कमी, नवे नाव दाखल, ठराव क्रमांक अमुक.

आणि एक बाजू आहे, ती सभासदांना आवडो न आवडो. आपला ऊस ज्या बायका तोडतात त्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारात उठून, भाकऱ्या बांधून, मूल पाचटावर निजवून ती फडात असते. संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरली की परत चूल. खाडा झाला तर दंड उचलीत चढतो. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक. यांच्यापुढे जाऊन आम्ही "गाणी म्हणा, बरे वाटेल" असे सांगितले तर त्यांनी आमच्या अंगावर वाढेच टाकावे. तिला आधी पाणी, संडास, दवाखाना आणि आठवड्याची एक विनाकपात सुट्टी पाहिजे. गाणे त्याच्यानंतर. पण त्याच्यानंतर का होईना, पाहिजेच. गेल्या हंगामात एका फडात दुपारी पाऊस आला आणि तोड थांबली. एका कोपीत सहा-सात जणी दाटीने बसल्या होत्या. एका म्हातारीने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी धरले. आम्ही स्लीप लिहायच्या निमित्ताने बाहेर थांबलो. मुकादमाने मोबाईल काढून चित्रण करायला सुरुवात केली, तेव्हा गाणे तिथल्या तिथे बंद.

यावरून आमची स्वतःची एक चूक सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वीच्या महिला मेळाव्यात आम्ही हौसेने ‘ओवी स्पर्धा’ ठेवली होती. माईक, मांडव, पहिले बक्षीस स्टीलचा डबा, परीक्षक म्हणून तालुक्याहून दोन मास्तर बोलावलेले. अठरा नावे आली. ज्यांना खरोखर ओव्या येत होत्या त्या म्हाताऱ्या माईक पाहूनच मागे सरल्या. बक्षीस मिळाले एका शिकलेल्या मुलीला, तिने मोबाईलवरून पाठ केले होते. वरून डबा कोणाला द्यायचा यावर दोन भावक्यांत जी धुसफूस झाली ती अजून आमच्या गट कार्यालयात ऐकू येते. सगळा दोष आमचा. जी गोष्ट अंधारात, दोघींत, नावाशिवाय चालायची, तिला आम्ही उजेडात, नंबर लावून उभी केली होती. मास्तरांनी ‘वृत्तात बसत नाही’ म्हणून एका आजीचे गुण कापले हे तर आम्हांला नंतर कळले.

म्हणून या वेळी पद्धत बदलली आहे. एका गटात आम्ही मार्च संपल्यावर, तोड आटोपल्यावर, फक्त एक खोली उघडून दिली. गट कार्यालयाच्या मागची, जिथे बियाण्याच्या पिशव्या असत ती. शनिवारी दुपारी दोन ते चार. पुरुषांनी यायचे नाही, आम्हीही नाही. चावी आमच्याच खात्यातल्या एका कामगाराच्या आईकडे. सतरंजी, पाण्याचा माठ, सुई-दोरा. पहिल्या शनिवारी तिघी आल्या. दुसऱ्या शनिवारी पाऊस होता, कोणी आले नाही. चौथ्या शनिवारी अकरा. आत काय चालते ते आम्हांला माहीत नाही, आणि ते माहीत नसणे हेच बरोबर आहे असे त्या आजींचे म्हणणे. आम्ही एकदाच विचारले, "काय आजी, बरं चाललंय ना?" त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी उसाचं बघा." पण जाताना एवढे मात्र सांगून गेल्या की, त्यांतल्या दोघींनी शेअरवर नाव लावायचे कागद कसे करायचे ते विचारले आहे.

अडचणीही आल्या. एका घरच्या सासऱ्यांनी सुनेला पाठवणे बंद केले. म्हणाले, "तिथं बसून घरच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात." आम्ही त्यांना भेटलो. वाद घातला नाही. एवढेच विचारले की, दादा, तुम्ही पारावर बसता तेव्हा काय काढता? हसले. पुढच्या शनिवारी सून आली की नाही ते आम्ही मोजायला गेलो नाही. हे मात्र खरे की खोलीत ऐकलेले बाहेर गेले तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून आतल्या बायकांनीच नियम केला आहे की इथले इथेच.

सगळ्यांत मोठी काळजी घ्यायची ती अशी. ज्या बाईला रात्रच्या रात्र झोप नाही, जेवण तुटले आहे, जी "मी कशाला राहू" अशा गोष्टी बोलते, निरवानिरव करते, तिला गोधडी पुरणार नाही. तिला डॉक्टरच पाहिजे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक गट कार्यालयाच्या दारावर रंगवून घेण्यास आम्ही सांगितले आहे. घरात तणनाशक, कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवा, हे आम्ही फवारणीच्या प्रत्येक लेखात सांगतो, तेच इथेही सांगतो. आणि बाईचे मन हलके झाले म्हणून तिच्या कर्जाचा, सातबाऱ्याच्या नोंदीचा, निराधार योजनेच्या पगाराचा प्रश्न सुटत नाही. ती कामे आपण पुरुष मंडळींनी आणि कार्यालयांनी करायची आहेत. वारस नोंदीला आमच्याकडून उशीर होत असेल तर सरळ शेतकी विभागात येऊन भांडावे.

आता सभासदांकडून काय पाहिजे ते सांगतो. श्रावणापासून आणखी तीन गटांत शनिवारची खोली उघडायचा विचार आहे. पंचमीला सुई हातात धरीत नाहीत ही आपली रीत, म्हणून सुरुवात पंचमीनंतरच्या शनिवारी करू. जुनी सुती लुगडी, धोतरे, सदरे धुऊन गट कार्यालयात द्यावेत. नायलॉनचे नको, टाका धरीत नाही. घरात सत्तरीच्या पुढची आई, आजी, चुलती असेल तर तिच्याजवळ निवांत बसून ओव्या लिहून घ्याव्यात. वहीच्या प्रत्येक पानावर तिचे नाव लिहावे, माहेरचे गावही लिहावे. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये. मोबाईल लावायचा तर तिला विचारून. या वह्या कारखाना झेरॉक्स काढून परत करील, स्पर्धा होणार नाही, बक्षीस नाही, अंकात छापायचे ते तिच्या परवानगीनेच.

आणि सुनेला शनिवारी दोन तास मोकळे सोडावे. त्या दोन तासांत जनावरांना पाणी कोणी पाजायचे ते घरात ठरवून घ्यावे. चहा कारखान्याचा.